जुन्या मोटारीचा धनी कोण?

संपत्ती मिळवावी कशी आणि मिळाल्यावर वाटावी कशी, या दोन प्रश्नांवर आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. लोभी माणसाला उपदेश करायला आम्हा धर्मगुरूंना शब्द कमी पडत नाहीत, आणि दानशूर माणसाचे कौतुक करतानाही ते कमी पडत नाहीत. परंतु मिळवणे आणि देणे या दोन टोकांच्या मध्ये माणसाच्या आयुष्याचा फार मोठा भाग जातो तो सांभाळण्यात. घर सांभाळायचे, शेत सांभाळायचे, भांडीकुंडी, दागिने, वाहने सांभाळायची. या सांभाळण्याला काही नीती आहे काय? एखादी वस्तू किती काळ, किती खर्चून आणि कोणासाठी जपावी? वस्तू जपता जपता माणूस तिचा धनी राहतो की तिचा चाकर होतो? या प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. तो येथे करावा असे आम्ही योजले आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते एका साध्या, रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या गोष्टीचे: एकेकाळी ऐश्वर्याची समजली गेलेली आणि आता म्हातारी झालेली मोटारगाडी.

उदाहरण नवापूरकरांना परके वाटू नये. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा, आपल्या गावावरूनच जातो. कोंडाईबारीचा घाट चढून-उतरून आलेली वाहने येथे थंड होतात, पाणी पितात, पंचर काढून घेतात. महामार्गालगतच्या गॅरेजांतून हिंडले तर देशातील मोटारींचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास उलगडतो. १९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा गाडी बाजारात आणली. मूळ धाटणी इंग्लंडातील व्हॉक्सहॉलची आणि पुढे इंजिन जपानच्या इसुझूचे, अशी ती लांबरुंद गाडी त्या काळात दारात उभी असणे म्हणजे जुन्या भाषेत दारी हत्ती झुलण्यासारखे होते. २००२ साली तिचे उत्पादन थांबले. १९९५ साली टेल्कोच्या सहकार्याने पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीझ गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि परदेशातून आयात केल्यावाचून ज्या गाडीचे दर्शन घडत नसे ती महाराष्ट्रातच तयार होऊ लागली. त्या पहिल्या गाड्यांना आता तीस वर्षे होऊन गेली. आपल्या भागात त्या काळी नोंदलेल्या अशा गाडीवर धुळ्याचा एम.एच.-१८ हा क्रमांक असतो. कारण १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि एम.एच.-३९ हा क्रमांक त्यानंतरचा. क्रमांकाची पाटी पाहूनच जाणत्याला घराण्याची जुनी ऐट कळते.

आपल्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे शिक्षकांची, परिचारिकांची, शेतकऱ्यांची, मजुरांची. तेव्हा असल्या गाडीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. अशा प्रत्येक गाडीभोवती चार माणसे असतात: तिचा मालक, ती चालवणारा, ती दुरुस्त करणारा आणि ती जाताना रस्त्याच्या कडेला होणारा पादचारी. आपण पहिला नसलो तरी उरलेल्या तिघांपैकी कोणी ना कोणी असतोच. शिवाय सुबत्ता ही काही एकाच घरी मुक्कामाला येत नाही. नवापूरने फेब्रुवारी २००६ पाहिला आहे. भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्या तालुक्यात झाली, लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि कुक्कुटपालनावर उभी राहिलेली घरे काही आठवड्यांत खाली आली. २०२१ साली तेच संकट पुन्हा आले. वैभव आले तसे गेले, पण वैभवाच्या काळात घेतलेल्या वस्तू मात्र मागे राहिल्या. सुंभ जळतो, पीळ राहतो. त्या पिळाचे काय करायचे हा खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो गाडीचा असो, बंगल्याचा असो की लग्नात घालायच्या दागिन्यांचा असो, स्वरूप एकच.

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. वडिलांनी बरकतीच्या दिवसांत मोठी गाडी घेतली. वडील गेले, गाडी मुलाकडे आली. बाजारात तिची किंमत आज एखाद्या चांगल्या दुचाकीएवढी किंवा फार तर लहान जुन्या मोटारीएवढी. येथेच या वस्तूची खुबी आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या देखभालीची किंमत मात्र उतरत नाही, उलट चढते. विकत घेताना ती श्रीमंताची होती आणि दुरुस्त करतानाही ती श्रीमंताचीच राहते. मधल्या काळात फक्त धनी गरीब झालेला असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जणू तिच्यासाठीच जन्मली. उन्हाळ्यात रबराच्या नळ्या आणि बुश तडकतात. खानदेशात इतरत्र पडतो त्यापेक्षा आपल्याकडे पाऊस अधिक, त्यामुळे दरवाज्यांच्या तळाशी गंज धरतो. इंजिनाच्या उष्णतेने तारांवरचे आवरण ठिसूळ होते आणि कोठे काय जळेल याचा नेम राहत नाही. रेडिएटर गळतो, गॅस्केट जाते. सुटा भाग येथे मिळत नाही म्हणून माणूस सुरतेला किंवा कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात धाडावा लागतो. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले, आणि त्या मिश्रणासाठी न घडवलेल्या जुन्या रबरांना ते मानवत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर गेले. पर्यावरण कर, विमा, पी.यू.सी. ही आणखी वेगळी. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा, हळूहळू.

बाहेरचा माणूस चटकन निकाल देतो: हा पोकळ डामडौल आहे, विकून टाका. आम्हाला हा निकाल घाईचा वाटतो. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याचीही बाजू आहे, आणि न्यायबुद्धीने ती ऐकली पाहिजे. तो तीन कारणे सांगेल.

पहिले कारण काटकसरीचे. जे चालते आहे ते मोडीत का काढावे? नवी गाडी घडवायलाही लोखंड, ॲल्युमिनियम, रबर आणि ऊर्जा लागतेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल जगाला कठोर इशारा दिला, तो येथे लागू नाही काय? लागू आहे, पण अर्धाच. कारण जुन्या इंजिनाचा धूर हा शेजाऱ्याच्या फुफ्फुसात जातो. शिसे असलेले पेट्रोल आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पर्यंत विकले जात होते. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ साली प्रथम फक्त चार महानगरांत सक्तीचे झाले. त्या काळात घडलेली गाडी आजच्या गाडीपेक्षा अधिक घाण सोडते, हे मान्य करावे लागेल. म्हणून हे कारण प्रामाणिक केव्हा? गाडी क्वचित, नेमक्या कामासाठी बाहेर निघते तेव्हा. रोज बाजारात भाजी आणायला एवढे मोठे धूड हलवायचे आणि वर काटकसरीचे नाव सांगायचे, ही आत्मवंचना होय.

दुसरे कारण कारागिरीचे. जुनी गाडी ठेवणारा माणूस मिस्त्रीला पोसतो, असे तो म्हणेल. यातही तथ्य आहे. नव्या गाड्यांत भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. संगणक दोष सांगतो आणि माणूस डबा उघडून नवा भाग लावतो. कानाने इंजिनाचा आवाज ओळखणारा, बोटांनी झीज जोखणारा मिस्त्री हा जुन्या गाड्यांच्या आश्रयानेच टिकला आहे. मानवी श्रमाची प्रतिष्ठा हा पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या विश्वपत्राचा गाभा होता, आणि एखादे कौशल्य जिवंत ठेवणे हे पुण्यकर्मच आहे. पण यालाही एक अट आहे. मिस्त्रीला पोसतो म्हणणाऱ्याने त्याची मजुरी वेळेवर दिली पाहिजे. आमचे निरीक्षण असे की पेट्रोलपंपावर रोख मोजणारी मोठी घरे मिस्त्रीच्या बाबतीत मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात. तो तोंड उघडून मागू शकत नाही, कारण गिऱ्हाईक प्रतिष्ठित आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. आणि अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे याकोबाच्या पत्राने बजावले आहे. ज्या बॉनेटखाली मिस्त्रीची सहा महिन्यांची उधारी आहे ती गाडी कितीही चकचकीत असली तरी नीतीच्या दृष्टीने ती उसनी आणलेली आहे.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे, आणि तेच बहुधा खरे असते. ‘ही माझ्या वडिलांची गाडी आहे.’ येथे हिशेबाची वही मिटावी लागते. मात्र येथे तत्त्वज्ञानातील एक जुने कोडे उपयोगी पडते. ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी थीसियस या वीराचे जहाज जपून ठेवले होते. एकेक फळी कुजली की ते नवी घालत. पुढे तत्त्वज्ञांत वाद पडला, की सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिले की नाही? आता आपली गाडी पाहा. इंजिन एकदा उघडून बांधले. आसनांची कातडी दोनदा बदलली. दरवाजे तिसऱ्यांदा रंगवले. टायर कितव्यांदा बदलले याची गणती नाही. यात वडिलांच्या हाताचे काय उरले? फार तर चालकचक्र, आणि आरशाला टांगलेली जपमाळ.

कोणी म्हणेल, वस्तूत काय आहे, आठवण मनात असते. हे उत्तर ख्रिस्ती माणसाला पुरत नाही. आपण पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षरस यांच्याद्वारे देवाची कृपा स्वीकारणारी माणसे आहोत. संतांचे अवशेष आपण आदराने जपतो. आजीची जपमाळ नातीला देतो. जड वस्तू अर्थ वाहू शकते, हे आपल्या श्रद्धेच्या मुळाशीच आहे. परंतु ज्या श्रद्धेने आपल्याला वस्तूंचा आदर शिकवला तिनेच एक मर्यादाही शिकवली आहे. चिन्ह हे स्वतःकडे बोट दाखवीत नाही; ते पलीकडे दाखवते. मग वडिलांची गाडी कशाकडे बोट दाखवते?

आमचे उत्तर असे. वडिलांच्या हयातीत मध्यरात्री शेजारच्या बाईला प्रसूतीच्या कळा आल्या म्हणजे ती गाडी दारातून निघत असेल, वस्तीवरच्या मुलाला परीक्षेच्या केंद्रावर सोडत असेल, तर ते वडिलांचे वडीलपण होते. मुलाने प्रत्येक मूळ भाग शोधून आणून बसवला, पण गाडीत कोणाला बसवले नाही, तर लोखंड तेच राहून गाडी बदलली. उलट सगळे भाग बदलले, किंबहुना ती गाडी विकून एक साधी जीप घेतली, पण रात्रीबेरात्री दार वाजले तर ती निघते, तर ती वडिलांचीच गाडी आहे. वस्तूची ओळख तिच्या फळ्यांत नसून तिच्या कामात असते, निदान माणसामाणसांतील नात्यांच्या जगात तरी. आणि वडिलांनी तीत कोणालाच बसवले नसेल, तर मुलाने त्या वारशातील लोखंड तेवढे घ्यावे आणि काम स्वतः नव्याने सुरू करावे. पित्याची राहिलेली उणीव भरून काढणे हाही पित्याचा सन्मानच आहे.

येथून आपण मालकीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचे जे विवेचन केले ते सेमिनरीतील प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते, पण ते गृहस्थांसाठीच अधिक उपयोगाचे आहे. त्यांनी मालकीचे दोन पैलू वेगळे केले. वस्तू मिळवणे, सांभाळणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा एक पैलू. तो खाजगी असणे योग्य आहे, कारण माणूस आपल्या वस्तूची काळजी सर्वांच्या वस्तूपेक्षा अधिक घेतो. तिचा उपयोग हा दुसरा पैलू. तेथे मात्र माणसाने ती वस्तू केवळ आपली मानू नये, गरजवंताला सहज देता येईल अशा रीतीने ती धरावी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या विश्वपत्रात हाच भेद पुढे मांडला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तो जगापुढे ठेवला. नवापूरच्या रेल्वे स्थानकावरील बाकडे आपण सारे जाणतो. अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. बसणारा एकच, बाक एकच, पण त्यावर दोन राज्यांचा अधिकार. प्रत्येक मालमत्तेची गत तशीच आहे. आर.सी. बुकावर एकाचे नाव असते. तरी त्या वस्तूचा एक भाग दुसऱ्याच राज्यात येतो, जेथे गरजवंताचा शब्द चालतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे शुभवर्तमानातील वाहनांकडे लक्ष जाते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्या प्रवाशाने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. याचा सरळ अर्थ असा, की तो स्वतः उतरला आणि चालू लागला. त्याच्याजवळ जनावर होते हा त्याचा दोष नव्हे. ते नसते तर जखमी माणूस वाटेतच राहिला असता. प्रेषितांच्या कृत्यांत कांदके राणीचा खजिनदार रथात बसून गाझाच्या वाटेने जातो. तो त्या काळचा ऐश्वर्याचा रथच म्हणावा लागेल. पायी चालणाऱ्या फिलिपला तो वर येऊन शेजारी बसण्याची विनंती करतो, आणि त्या एका आमंत्रणामुळे त्याच्या आयुष्यात बाप्तिस्म्याचे पाणी येते. आणि आपला प्रभू यरुशलेमेत प्रवेश करतो तो मागून आणलेल्या शिंगरावर बसून. त्या शिंगराचा मालक कोण, हे शुभवर्तमान सांगत नाही. त्याने दोरी सोडू दिली, एवढेच सांगते.

आपल्या भागात रस्त्याच्या कडेला कोण चालते ते पाहावे. दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे कोयते, भांडी आणि लहान मुले घेऊन बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीसाठी निघतात. ती ट्रकमध्ये उभी राहून जातात. रुग्णाला नेण्यासाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, ही मोठीच सोय झाली. पण दवाखान्यातून सोडल्यावर टाके ओले असलेली बाळंतीण किंवा पायाला प्लास्टर घातलेला म्हातारा पाड्यावर परत कसा जातो? रिक्षा डांबरी रस्ता संपला की थांबते. मोठ्या, मऊ बैठकीच्या, धक्के न जाणवणाऱ्या गाडीला जगात काही नैतिक प्रयोजन असेलच तर ते हे परतीचे प्रवास होत.

यांत्रिक ज्ञानही येथे धर्मशास्त्राच्या बाजूने साक्ष देते, ही मौजेची गोष्ट आहे. कोणताही मिस्त्री सांगेल की चालवलेल्या गाडीपेक्षा झाकून ठेवलेली गाडी लवकर मरते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, ब्रेक गंजून पकडतात, टाकीतले पेट्रोल नासते, रबरी सील वाळतात, आणि उंदीर तारा कुरतडतात. जपण्यासाठी झाकले आणि झाकल्यामुळेच गेले. मालकाने दिलेला तोडा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला याहून वेगळा काय सांगतो? कसर आणि गंज जेथे नाश करतात तेथे संपत्ती साठवू नका, असे प्रभूने सांगितले. याकोबाने पुढे जाऊन म्हटले की तो गंजच तुमच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहील. गंज हा न वापरल्याचा पुरावा असतो.

संत अगस्तीन यांनी माणसाच्या प्रेमाचे दोन प्रकार सांगितले: काही गोष्टी वापरायच्या असतात आणि काही गोष्टींत आनंदाने विसावायचे असते. विसावायचे ते फक्त देवात. बाकी सारे वाटेवरचे वाहन. प्रवाशाला वाहनाचाच मोह पडला आणि तो घरी पोहोचायचे विसरला, तर प्रवास फसला. त्यांनी हा दृष्टान्त गाडी-नावेचाच घ्यावा, हे आपल्या विषयाला फारच सोयीचे आहे.

ऐश्वर्याची वाहने ख्रिस्तसभेच्या दारीही आली आहेत, आणि त्यांचे काय झाले हे सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषदेसाठी मुंबईला आले होते. त्यांच्या वापरासाठी एक पांढरी लिंकन गाडी भेट म्हणून आली होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी काय करावे? त्या तीत बसल्या नाहीत, आणि गाडी नाकारून कोणाला धडाही शिकवला नाही. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेल्या पैशातून कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीच्या उभारणीला हातभार लावला. जुलै २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेमिनरीचे विद्यार्थी आणि व्रतस्थ यांच्याशी बोलताना, नव्या नमुन्याच्या गाडीत बसलेला धर्मगुरू किंवा धर्मभगिनी पाहून आपल्याला दुःख होते, असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हेरोना येथील एका वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना आपली १९८४ सालची, सुमारे तीन लाख किलोमीटर चाललेली रेनो गाडी दिली आणि त्यांनी ती आनंदाने स्वीकारली. २०१७ साली मात्र त्यांना लांबोर्गिनीची नवी कोरी गाडी भेट मिळाली. ती त्यांनी २०१८ साली लिलावात विकू दिली आणि पैसा इराकमधील उद्ध्वस्त ख्रिस्ती गावांसह इतर सत्कार्यांना दिला. हे शब्द आम्हा धर्मगुरूंना उद्देशून आहेत, आणि ते आधी आम्ही ऐकावेत. धर्मग्रामाच्या पैशातून घेतलेले वाहन, ते जीप असो की मोटारसायकल, त्याच कसोटीला उतरले पाहिजे जी आम्ही गृहस्थांना लावतो.

मात्र एक गल्लत टाळावी. त्या वृद्ध धर्मगुरूंची गाडी जुनी होती म्हणून साधी नव्हती. ती मुळातच साधी होती, गरिबांच्या वस्तीत वापरली गेली होती आणि म्हणून जुनी झाली होती. ऐश्वर्याची गाडी नुसती जुनी झाली म्हणजे नम्र होत नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक गाडी दसऱ्याच्या मिरवणुकीत लोकांसमोर येते. ती जपण्याला एका संस्थानाच्या इतिहासाचे कारण आहे आणि ती गर्दीतल्या सर्वांची होऊन जाते. सामान्य गृहस्थाने तिचा दाखला देऊन आपल्या घरी हत्ती पोसू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण नीतिशास्त्राच्या कित्येक ग्रंथांहून नेमकी आहे.

गाडी काढून टाकायची ठरली, तरी नीती तेथे संपत नाही. अक्वायनस यांनी विक्रीतील दोषांबद्दलही लिहिले आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष घेणाऱ्याला दिसतोच. तो स्वतंत्रपणे सांगितला नाही तरी चालेल, किंमत मात्र त्या मानाने कमी केली पाहिजे. पण जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका होईल, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. घोड्याच्या जागी मोटार घाला. एक दिवा फुटलेला आहे हे डोळ्यांना दिसते. घाटात ब्रेक दगा देतो हे दिसत नाही. किलोमीटरचा काटा मागे फिरवून गाडी विकणे हा व्यवहारचातुर्याचा भाग समजला जातो. ते सातव्या आज्ञेचे आणि आठव्या आज्ञेचे एकाच वेळी केलेले उल्लंघन आहे. घेणारा बहुधा आपल्याहून गरीब असतो, कारण जुनी मोठी गाडी ज्याला नवी परवडत नाही तोच घेतो. ज्या ओझ्याखाली आपण वाकलो ते न सांगता त्याच्या डोक्यावर ठेवणे हा त्याग नव्हे. गाडी कोणालाही देण्यासारखी उरली नसेल, तर ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात ती रीतसर मोडता येते. प्रामाणिकपणे मोडलेली वस्तू अप्रामाणिकपणे विकलेल्या वस्तूपेक्षा बरी.

मग ठेवावी की काढावी? सर्वांसाठी एकच निकाल देणे आमच्या अधिकारात नाही. ते त्या घरातील सदसद्विवेकबुद्धीचे काम आहे. पण विवेकाला प्रश्न विचारायला शिकवणे हे आमचे काम आहे, आणि आमचे प्रश्न तीन. पहिला न्यायाचा: या गाडीवर झालेल्या खर्चाआधी कोणाचे देणे द्यायचे राहिले? मिस्त्री, चालक, घरची मोलकरीण, वृद्ध आईची औषधे, मुलीचे पुढचे शिक्षण, यांच्यापैकी कोणाला गाडीमागे उभे राहावे लागले काय? दुसरा प्रीतीचा: गेल्या वर्षभरात घरच्यांखेरीज तीत कोण बसले? तिसरा स्वातंत्र्याचा: उद्या कोणी योग्य कारणासाठी ही मागितली, तर दोरी सोडून देता येईल काय? तिन्ही प्रश्नांना स्वच्छ उत्तर देता येत असेल, तर गृहस्थाने ती गाडी खुशाल ठेवावी, रविवारी मिस्साला घेऊन यावी, आणि आम्ही तिच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडू. एकाही प्रश्नाला उत्तर देताना जीभ अडखळली, तर गाडीचा धनी कोण, हे कळायला धर्मगुरूची गरज नाही.

दर पाच वर्षांनी जुन्या गाडीला आर.टी.ओ.च्या तपासणीला उभे राहावे लागते. तेथे ब्रेक पाहतात, दिवे पाहतात, धूर मोजतात. ती तारीख जवळ आली म्हणजे घरातील सर्वांनी, मुलांसकट आणि चालक असेल तर त्यालाही बोलावून, एका संध्याकाळी एकत्र बसावे आणि हे तीन प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. चालकाला काय वाटते ते आधी ऐकावे. मागच्या आसनावर कोण बसले आणि कोण बसले नाही, हे मालकापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.